‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यावर महिनाभर लक्ष कसं ठेवायचं

अपघाताच्या रात्री घरी परतल्यावर माझ्या भाच्याने काय केलं, तर अंगणातल्या नळाला पाइप लावला आणि स्कूटर धुवायला घेतली. रात्रीचा दीड वाजला होता. स्कूटरला साधा ओरखडाही नव्हता, तो मागून येत होता. पुढच्या मोटरसायकलवर त्याचा मित्र होता. गोव्यात डिचोलीच्या वाटेवर एका वळणावर ट्रक आडवा आला, आणि इस्पितळात पोचण्याआधीच मित्र गेला. रुग्णवाहिका येईपर्यंत भाच्याने त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं.

बहिणीने विचारलं तर “म्हाका कांय जावंक ना” एवढंच म्हणाला. हात धुतले, वाढलेला भात निमूटपणे जेवला, आडवा झाला. घरचे म्हणाले, पोरगा काळजाचा घट्ट आहे. मी सव्वीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होते, तरी मलाही तसंच वाटलं. मित्राची आई छाती बडवत होती, तिच्याभोवती दहा बायका होत्या. याच्याजवळ कोणीच नव्हतं. खरं काय ते कळायला मला चार दिवस लागले. ते चार दिवस दुसऱ्या कुणाचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहायला बसले.

धसका म्हणजे नक्की काय

आपल्याकडे ‘धसका घेतला’, ‘सुन्न झाला’, ‘हबकला’ असे शब्द आहेत आणि ते चुकीचे नाहीत. डॉक्टर त्याला तीव्र ताण-प्रतिक्रिया म्हणतात. जिवावर बेतलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. काळीज धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात, काहींना तर संडासला धावावं लागतं. मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डला नावाचा भाग त्या वेळी जोरात असतो, आणि घडलेलं नीट क्रमाने लावून ठेवणारा हिप्पोकॅम्पस मागे पडतो. म्हणून नंतर एखादा वास किंवा आवाज लख्ख आठवतो, पण आधी काय झालं आणि मग काय, ते सांगता येत नाही. पोलीस जबाब घेताना हे फार आड येतं. काल एक सांगितलं आणि आज दुसरं, म्हणून माणूस खोटं बोलतोय असं होत नाही. जबाबाला जाताना बरोबर घरचं कोणीतरी असू द्या, आणि आठवत नसेल तिथे सरळ ‘आठवत नाही’ म्हणायला सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने या प्रतिक्रियेला आजारांत धरलेलंच नाही. भयंकर प्रसंगानंतर पहिले काही दिवस माणूस असा वागणारच, असं ती मानते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची यादी हिशोब दिवसांवर करते. त्रास ३ दिवस ते १ महिना टिकला आणि लक्षणं पुरेशी असली तर ‘तीव्र ताण विकार’. महिना उलटूनही तसाच राहिला तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताण विकार, आहे का हे तपासायचं. नावं डॉक्टर देतील, आपण दिवस मोजायचे. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर या कामाला पुरतं.

धसका फक्त जखमी माणसालाच बसतो असंही नाही. डोळ्यांदेखत बघणाऱ्याला बसतो, जवळचा माणूस अचानक गेल्याचं फोनवर ऐकणाऱ्याला बसतो. किनाऱ्यावरचे जीवरक्षक, १०८ च्या रुग्णवाहिकेवरची मुलं, अग्निशामक दलाचे जवान यांना तर हे पुन्हापुन्हा बघावं लागतं. ३ मे २०२५ च्या पहाटे गोव्यातल्या शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, तेव्हा अंगाला काहीही न लागता घरी परतलेले शेकडो धोंड, म्हणजे देवीचं व्रत करणारे, आणि भाविक असतील. त्यांची नोंद कुठल्या इस्पितळात होणार?

पहिला तास: आधी शरीर बघा

डोक्याला मार लागलेला माणूस बधिर दिसतो, आणि धसका घेतलेलाही बधिर दिसतो. बाहेरून फरक कळत नाही, म्हणून ‘घाबरलाय बिचारा’ म्हणून झोपवून टाकू नका. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी गुंगी, न सोसणारी डोकेदुखी, डोळ्याची एक बाहुली मोठी, बोलणं अडखळणं, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यांतलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार बसला असेल तर काही दिसलं नाही तरी दाखवून आणा. पाण्यातून वाचवलेल्या माणसाला खोकला किंवा धाप असेल तर त्याला घरी नेऊच नका, तासाभराने बिघडू शकतं. छातीत दुखतंय म्हणाला तर आधी ईसीजी, मग धसका.

मोठी जखम असेल किंवा हाड मोडल्याचा संशय असेल तर चहापाणीही देऊ नका, ऑपरेशन करावं लागू शकतं. तसं काही नसेल तर गोड चहा चालतो. कांदा हुंगवायची, गालावर थापड मारायची काही गरज नाही. आमच्या केंद्रात असे गाल सुजलेले लोक बरेच आले.

पहिले काही तास: चेहरे चार, आणि आपल्याला दिसतो एकच

जो रडतो, ओरडतो, त्याच्याकडे सगळे धावतात. दुसरा थरथरतो, त्याला निदान चादर तरी मिळते. तिसरा गोठतो. हाक मारली तरी उशिरा बघतो, नजर कुठेतरी लांब लागलेली. विचारलं तर सांगतो, ‘आपण काचेतून बघतोय असं वाटत होतं’ किंवा ‘हे दुसऱ्याच कोणाचं चाललंय’. चौथा कामाला लागतो. फोन करतो, गाड्यांची सोय बघतो, पाहुण्यांना खुर्च्या मांडतो, रात्री दीड वाजता स्कूटर धुतो. हा चौथाच आपल्या नजरेतून सुटतो. कामाला लागणं वाईट नसतं, त्याला थांबवूही नये. आपण फक्त त्याचं नाव मनात लिहून ठेवायचं.

गोठण्याबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अत्याचाराच्या वेळी अनेकींचं शरीर अक्षरशः लुळं पडतं, आवाज फुटत नाही. ते शरीर आपोआप करतं, तिची त्याला संमती नसते. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न घरातल्या कोणीही, आईनेसुद्धा, विचारायचा नाही. बलात्कार झाला असेल तर सरकारी असो की खासगी, इस्पितळाने ताबडतोब आणि फुकट उपचार करायलाच हवेत, कायदाच तसा आहे. महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१.

या तासांत करायचं काय, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. मी करते ते असं. माणसाला रक्त, गाडी, गर्दी दिसणार नाही अशा जागी नेते. त्याच्याकडची गाडीची चावी काढून घेते, कारण त्या दिवशी त्याने गाडी चालवायचीच नसते. समोर उभी न राहता बाजूला बसते. नावाने हाक मारते, आपण कुठे आहोत, किती वाजले, बरोबर कोण आहे, हे साध्या शब्दांत सांगते. ‘धीर धर’, ‘देवाची कृपा, तू वाचलास’ असं म्हणत नाही. मित्र मेलाय आणि आपण वाचलोय हेच त्याला खुपत असतं.

श्वास वर लागला असेल तर माझ्याबरोबर घे म्हणायचं. मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की नाडी हळूहळू खाली येते. तंद्री लागलेल्या माणसाला पाय जमिनीला टेकवायला लावा. दिसणाऱ्या पाच वस्तू, ऐकू येणारे तीन आवाज सांगायला लावा. भाच्याला मी हे शिकवलं ते पाचव्या दिवशी. पहिल्या रात्री शिकवायला हवं होतं.

विचारपुशीला येणारे

आपल्या गावांत माणूस एकटा पडत नाही हे चांगलंच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या घरी जो आला त्याने भाच्याला बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं. ट्रक कुठल्या बाजूने आला? डोकं फुटलं होतं का? शेवटचं काय बोलला? दुपारपर्यंत त्याने तेच अकरा वेळा सांगितलं, आणि मी, शिकलेली नर्स, स्वयंपाकघरात बसून म्हणत होते की बोलू दे, मोकळा होईल.

तसं होत नाही. प्रसंगानंतर लगेच बसवून सगळं बोलून घेतलं की पुढचा त्रास टळतो, असं पूर्वी तज्ज्ञांनाही वाटायचं. आता तसं करू नये असंच सांगितलं जातं, कारण फायदा दिसत नाही आणि काहींचं उलट बिघडतं. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर ऐकायचं, मध्ये प्रश्न न विचारता. नाही बोलला तर बाजूला बसून शेंगा सोलायच्या. पाहुण्यांना हकीकत सांगायला घरातला एक माणूस नेमा, ओट्यावरच. भाच्याला सांगितलं होतं, कोणी आलं की तू मागच्या दाराने परसात जा.

मोबाइलचंही तेच. अपघाताचा, जत्रेतला, बुडणाऱ्याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर आला तर तो तिथेच थांबवा. ज्याच्या डोळ्यांसमोर घडलं त्याला तो ‘बघ, तू यात दिसतोयस’ म्हणून दाखवणारे मी बघितलेत.

तिसऱ्या दिवसापासून: कॅलेंडरच्या चौकोनात काय लिहायचं

चौथ्या दिवशी दुपारी बहीण बांगडे तळत होती. रवा लावलेला बांगडा तापलेल्या तव्यावर पडला, चर्र झालं, आणि बाहेर बाकावर बसलेला भाचा उठून सरळ परसात गेला. मी मागोमाग गेले तर माडाला टेकून उभा. बोटं बर्फासारखी, मानेवर घाम. बऱ्याच वेळाने म्हणाला, “मावशी, ट्रकचा ब्रेक असाच वाजला.” थांबताना ट्रकच्या ब्रेकमधून हवा सुटते, तो आवाज. त्या दिवशी मी पेन आणलं आणि कॅलेंडरवर लिहायला लागले.

तज्ज्ञ पाच गटांतली चौदा लक्षणं बघतात, आणि त्यांतली निदान नऊ असतील तर तीव्र ताण विकाराचा विचार करतात. घरी नऊ मोजत बसू नका. पाचही गट मात्र ओळखता यायला हवेत.

पहिला गट नको असताना परत येणाऱ्या आठवणींचा. दिवसा अचानक समोर उभं राहणारं दृश्य, तीच स्वप्नं, क्षणभर आपण तिथेच आहोत असं वाटणं, एखाद्या आवाजाने किंवा वासाने अंगाला घाम फुटणं. तव्याचा प्रकार यातलाच. दुसऱ्या गटात एकच गोष्ट आहे आणि ती सहज निसटते: आनंद, माया असं काही वाटतच नाही. बहिणीने विचारलं होतं, धाकटीचा निकाल लागला, तू हसलास पण नाहीस? तिसरा, मघाशी सांगितलेलं काचेतून बघणं, आणि प्रसंगातला महत्त्वाचा तुकडा मुळीच न आठवणं. चौथा टाळण्याचा. भाचा कामाला जायचा, पण ते वळण नको म्हणून पाच किलोमीटर लांबून. विचारलं तर ‘तिकडे ट्रॅफिक असतं’. टाळणारा माणूस नेहमी काहीतरी पटेल असंच कारण देतो. पाचवा सतत सावध राहण्याचा. झोप मोडणं, क्षुल्लक कारणावरून खेकसणं, दारातून कोण आलं हे बघत राहणं, वाचण्यात लक्ष न लागणं, कुकरच्या शिटीला दचकणं. दिवाळीत नरकासुर जाळताना फटाके वाजतात तेव्हा या माणसाची काय गत होत असेल ते बघा, आणि आधी सांगून ठेवा.

आमच्या कॅलेंडरवर पाचव्या दिवसाच्या चौकोनात आहे: ‘झोप ३ तास. दचकला ४. वळण नाही. भात अर्धा.’ अकराव्या दिवशी: ‘झोप ५. दचकला २. वळण नाही. आईवर ओरडला, मग रडला.’ रडला हे मी चांगल्या बाजूला धरलं.

एका दिवसावर काही ठरवू नका, चार दिवसांचं वळण बघा. बहुतेकांचा त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांत उतरायला लागतो. उतरत असेल तर नेहमीचं जेवण, ठरलेल्या वेळची झोप, थोडं काम, थोडं चालणं, एवढं पुरतं. दोन आठवड्यांनी आकडे तिथेच असतील किंवा वाढत असतील तर महिना पुरा व्हायची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. एक खबरदारी आणखी: पुढे पीटीएसडी झालेल्या अनेकांना पहिल्या महिन्यात तीव्र ताण विकार पुरेपूर दिसलेला नसतो. म्हणून पहिला महिना नीट गेला तरी कॅलेंडर फाडून टाकू नका.

काही गोष्टींसाठी मात्र एक तासही थांबायचं नाही. ‘त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं’ हे पुन्हापुन्हा बोलणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, खाणंपिणं पूर्ण बंद, नसलेले आवाज ऐकू येणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं. आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

गोळी आणि पेग

तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका दवाखान्यातून झोपेच्या गोळ्यांची पट्टी आली. अशा आघातानंतर पहिल्या महिन्यात त्या त्रासावर बेन्झोडायझेपिन जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही त्यातली आपल्या ओळखीची नावं. शेजाऱ्याच्या पट्टीतली तर नाहीच नाही. आधीपासून मानसोपचाराची औषधं चालू असतील तर ती मनाने बंदही करू नका.

दारूचं गोव्यात समजावणं कठीण. मयताहून आल्यावर काका प्रेमानेच म्हणतात, काजूची दोन बोटं घे, झोप लागेल. लागतेही, पण पहाटे तीनला मोडते, आणि स्वप्नं आणखी जोरात येतात. महिनाभर फेणी कपाटात राहू दे. भाचेजावयाने चिडून विचारलं, मग आम्ही घ्यायची की नाही? मी म्हटलं, त्याच्यासमोर नको.

दृष्ट, प्रसाद, बाधा

गोठलेला माणूस, शून्यात बघणारी मुलगी, रात्री किंचाळत उठणारं पोर बघून घरात ‘बाधा’ हा शब्द येतोच. बहिणीने दृष्ट काढली, ग्रामदेवतेला पाकळी लावून प्रसाद घेतला, म्हणजे देवाचा कौल मागितला. मी आडवी गेले नाही. आईच्या हाताला काम मिळालं आणि पोराला आपली काळजी आहे हे कळलं. माझी अट तीनच गोष्टींची: उपाशी ठेवायचं नाही, मारझोड आणि धुरी नाही, आणि कौल उजवा आला, म्हणजे देवाने होकार दिला, म्हणून डॉक्टरांची तारीख चुकवायची नाही.

मुलं

लहान मुलं बोलून दाखवत नाहीत. अंथरूण ओलं करायला लागतात, आईचा पदर सोडत नाहीत, बोबडं बोलतात, पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतात. खेळात तोच प्रसंग पुन्हापुन्हा येतो, खेळण्यातल्या गाड्या आदळतच राहतात. रागावू नका, खेळ बंदही करू नका. खरं काय झालं ते लहान वाक्यात सांगा. ‘काका झोपलेत’ म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. रात्री दिवा चालू ठेवा, शाळेत बाईंना कळवा. मुलांसाठी १०९८ आहे.

न्यायचं कुठे

रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२ किंवा १०८. प्रत्यक्ष दाखवायला आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या किंवा थेट बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्थेत जा, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, परिसराला लागूनच. ‘बांबोळीला नेलं’ म्हणजे वेडा ठरला, ही भीती आमच्याही घरात होती. बहीण म्हणाली, मुलीच्या लग्नाचं बघायचंय, लोक काय म्हणतील. मी तिला कॅलेंडर वाचून दाखवलं. सतरा दिवसांत झोपेचा आकडा पाचाच्या वर एकदाही गेला नव्हता.

डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून न्या. ‘बरा नाही’ म्हणण्यापेक्षा त्यांना त्याचा उपयोग जास्त होतो. या त्रासावर आघातावर केंद्रित असलेली वर्तन-विचार उपचारपद्धती, म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, कामी येते. त्यात आठवण टाळण्याऐवजी तिच्याकडे हळूहळू, सुरक्षित जागी बसून, बघायला शिकवतात. विचारपुशीच्या गर्दीत अकरा वेळा सांगणं वेगळं, हे वेगळं: इथे वेग त्याच्या हातात असतो आणि समोरचा शिकलेला असतो. भाच्याला उपचाराच्या पहिल्या आठवड्यात बंद स्कूटरवर नुसतं बसायला सांगितलं होतं. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. मग वळणाच्या अलीकडच्या दुकानापर्यंत, तिथे सोडा पिऊन परत.

मित्राच्या बाराव्याला तो गेला नाही, आम्ही आग्रह केला नाही. मासिक श्राद्धाला गेला. ओट्यावर बसला, मित्राच्या आईने आणलेला चहा अर्धा प्याला. येताना ते वळण स्कूटरवरूनच पार केलं, मागे मी बसले होते आणि डोळे मीच मिटले होते. वर्षश्राद्धाच्या आसपास, पहिल्या पावसात रस्ता ओला दिसला की, त्रास दोन-चार दिवस पुन्हा वर येतो. आधी माहीत असलं की माणूस घाबरून जात नाही. बहिणीने पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर ती तारीख आताच पेन्सिलीने गोल करून ठेवलीय, आणि त्या आठवड्यात घरी कोणी ना कोणी राहायचं हे ठरलंय.